कूलरसमोरचा पाहुणा

आमच्या डॉक्टरांना जळगावात फारसं कोणी ओळखत नाही, आणि ज्यांनी त्यांना पाहिलं त्यातल्या बहुतेकांनी पाहिलं ते अर्धवट झोपेत. ते भूलतज्ज्ञ. पेशंट बरा होऊन घरी निघाला की पेढ्यांचा बॉक्स सर्जनच्या टेबलावर येतो, शाल सर्जनच्या खांद्यावर पडते, आणि ज्या माणसानं ऑपरेशनभर पेशंटचा श्वास सांभाळला तो तोवर स्कूटरला किक मारून दुसऱ्या दवाखान्यात पोचलेला असतो. माझं डोकं फिरायचं. मी एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर, तोंडाची फटकळ, पोटात ठेवणं मला जमतच नाही. एकदा म्हटलंच, "डॉक्टर, पेढे तुम्हालाही यायला पाहिजेत." तर म्हणाले, "पेशंटला मी आठवत नाही ना? मग झालं की. माझं काम चांगलं झालं." आणि हातमोजे काढून चालते झाले.

माणूस मूळचा धुळ्याकडचा. काटकुळा, उंच, बाराही महिने पांढरा फुल शर्ट. उन्हाळ्यात हेल्मेटच्या आत ओला पंचा. थिएटरमध्ये अगदी स्वच्छ, पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण राग आला की तोंडातून थेट अहिराणी बाहेर पडायची. "हाई काय शे?" एवढं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आता कोणाची तरी धडगत नाही. एकदा एका बड्या सर्जननं पेशंट टेबलावर असताना मोबाइलवर प्लॉटचा सौदा चालवला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बठ्ठा सौदा व्हई जाऊ द्या, मंग सांगा. तवलोंग मी याले झोपाडत नाही." सर्जनचा फोन खिशात गेला तो शेवटचा टाका पडेपर्यंत बाहेर आला नाही.

लोक म्हणायचे, भूल देणारे डॉक्टर. हे त्यांना खपायचं नाही. "भूल कोणीही देईल हो. मी उठवणारा डॉक्टर आहे."

उठवायची त्यांची पद्धतही त्यांचीच. पेशंट टेबलावर आला, भीतीनं हातपाय गार पडलेत, तर हे त्याच्या डोक्याशी स्टूल ओढून बसणार आणि विचारणार, "तुमच्या शेताचा रस्ता सांगा बरं." पेशंट चक्रावतो, मग सांगायला लागतो. मारुतीच्या देवळापासून डावीकडे, मग नाला, मग अमक्याची केळी. नाल्याच्या आसपास कुठेतरी त्याचा डोळा लागतो. ऑपरेशन झालं, औषध उतरलं, की डॉक्टर त्याच्या कानाशी वाकून विचारणार, "नाल्यापर्यंत आलो होतो आपण. पुढे?" आणि पेशंटनं पुढचा रस्ता बरोबर सांगितला की मगच त्याला बाहेर सोडायचा. रावेरचा एक ट्रकवाला आला होता. त्याला शेत नव्हतं, म्हणून त्यानं केळी घेऊन दिल्लीला जायचा रस्ता सांगायला घेतला. शुद्धीवर येताना डॉक्टरांनी विचारलं, "पुढे?" तर जड जिभेनं म्हणतो, "पुढं काही नाही साहेब, ढाब्यावर थांबलोय. भाजी तिखट आहे." आख्खं थिएटर हसलं. डॉक्टर मात्र गंभीरपणे म्हणाले, "जेवू द्या त्याला. अजून पुरता उठलेला नाही."

झोपलेलं माणूस दिसलं की ते पुढे जाऊच शकत नसत. बस स्टँड असो, लग्नाचा मांडव असो, हे उभे राहून त्याच्या छातीकडे बघत राहणार. लोक वेडा समजायचे. मीही आधी समजले होते. एकदा बोदवडला केससाठी गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर बसलो तर बाकावर एक जण तोंडावर टॉवेल टाकून आडवा. शेजारचे म्हणाले, पिऊन पडलाय, सोडा. डॉक्टर गेले, टॉवेल उचलला, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ही झोप नाही. सिस्टर, बॅग." साखर उतरली होती त्याची, घामानं चिंब झाला होता. तिथंच शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं तो उठून बसला आणि पहिला प्रश्न काय, तर "गाडी गेली का?" डॉक्टर म्हणाले, "तुझी गेली. आमची यायची आहे." आभार वगैरे काही नाही. आम्ही गाडीत बसलो, तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाई गं, आपण कोणाच्या हाताखाली काम करतोय याची जळगावला कल्पना नाही. हे मी आजही छाती काढून सांगते.

त्यांच्या माशाची ओळख मला त्यानंतर झाली. स्कूटर बंद पडली म्हणून त्यांना घ्यायला घरी गेले होते. घरात ते एकटेच. पत्नी गेल्याला बरीच वर्षं झालेली, लेक धुळ्याला दिलेली. जेवणाच्या टेबलावर काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, आत पाणवनस्पती आणि एकच मासा. फायटर म्हणतात तो, निळा-लाल, लांब पिसाऱ्याचा. पण पोहत कुठे होता? पाण्याच्या वरच्या अंगाला एका रुंद पानावर कुशीवर पडलेला, डोळे सताड उघडे.

"व माय!" मी ओरडले. "मेला की हो हा!"

"हळू बोला," डॉक्टर कुजबुजले. "झोपलाय."

"असा आडवा?"

"तुम्ही उभ्यानं झोपता का?"

मग त्यांनी मला केसचा विसर पडावा इतक्या निवांतपणे तो मासा समजावून सांगितला. हा प्राणी मुळात आळशी. पिसारा जड, थोडं पोहला की दमतो, मग मिळेल तिथं अंग टाकतो. कधी पानावर, कधी तळाच्या खड्यांवर, कधी काच आणि दगडाच्या फटीत डोकं खुपसून, कधी तर शेपटीवर उभा. नवीन लोक घाबरतात आणि काच वाजवतात. "झोपेतल्या माणसाच्या कानाशी ताट बडवल्यासारखं आहे ते," डॉक्टर म्हणाले. काच वाजवणाऱ्यांवर त्यांचा फार राग.

"मग झोपला की गेला, ओळखायचं कसं?"

"डोळ्यांवर जाऊ नका. माशाला पापण्या नसतात. कल्ले बघा. उघडतोय, मिटतोय. सावकाश, घाई नाही. पंख सैल सोडलेत. रंग जरा उतरलाय, तो झोपेत उतरतोच. आता दिवा लावू आणि त्याला वेळ देऊ."

दिवा लावला. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. मासा हळूच सरळ झाला, वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि खाली जाऊन आमच्याकडे असा बघायला लागला की जणू आम्हीच आगंतुक. हा मासा पाण्यातून श्वास घेतो तसा वरची हवाही घेतो, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी बॅगेतून स्टीलची डबी काढली. आजवर मला वाटायचं, त्यात सुपारी असते. त्यात माशाचं खाणं होतं. मासा झडप घालून जेवला.

"उठला, हवा घेतली, जेवला. म्हणजे झोप होती," डॉक्टर म्हणाले. "आजारी असता तर पंख मिटलेल्या छत्रीसारखे अंगाला चिकटले असते. कल्ले भराभर हलले असते, नाहीतर तो सारखा वर येऊन धापा टाकत बसला असता. खाण्याकडे बघितलंही नसतं. पोट फुगून खवले उभे राहिले, तर मात्र मीही हात टेकतो."

"तुम्ही मला मासा शिकवताय की पेशंट?"

"फरक दिसला तर मलाही सांगा."

अशा माणसाला कोणी काय म्हणावं? पानगळीत ते रस्त्याकडेच्या देशी बदामाखाली वाकून वाळलेली लाल पानं गोळा करायचे, पांढऱ्या शर्टात. ते पान पाण्यात टाकलं की पाणी चहासारखं होतं आणि माशाला मानवतं म्हणे. येणारेजाणारे हळहळायचे, बिचाऱ्यांच्या घरी बाईमाणूस नाही, बंबात घालायला पालापाचोळा वेचतात.

आता आबांकडे येते. आबा म्हणजे माझे सासरे. राहायचे असोद्याला, दीर-जावेजवळ. उभा जन्म केळीत गेला. सासूबाई गेल्या आणि त्यांचा शेतावरचा जीव उडाला, तरी सवयीनं जायचे. त्यात एका सकाळी ठिबकच्या नळीत पाय अडकून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं. कमरेखालचा भाग बधिर करून करतात, पेशंट जागा असतो. डॉक्टर त्यांच्या डोक्याशी बसून होते आणि आबांनी त्यांना घरापासून मळ्यापर्यंतचा रस्ता जातानाचाही सांगितला आणि येतानाचाही. ऑपरेशन छान झालं. सांगितलं होतं, वॉकर धरून चालायला लागा, नाहीतर हाड जुळेल आणि माणूस जाईल.

आबा चालेनात. उठून बसेनातसुद्धा. मधल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून. जाऊबाई रडकुंडीला आली. आमचे हे रागावले, दीर पाया पडले. आबांचं एकच, "आता कायले उठू? कुठी जाचं हाये मले?" याला औषध कुठल्या दुकानात मिळतं? पाठीला जखमा व्हायला सुरुवात झाली. मी सिस्टर आहे, मला माहीत होतं हा रस्ता कुठे जातो. मी डॉक्टरांजवळ जाऊन रडले. मी कोणापुढे रडत नाही.

रविवारी डॉक्टर स्कूटरवर असोद्याला हजर. पायाशी काचेची पेटी, हँडलला टांगलेल्या पिशवीत पाणी आणि त्यात एक लालभडक फायटर. आबांशी गोड बोलणं नाही, उपदेश नाही. पेटी मांडली ती बाहेरच्या बैठकीत, खिडकीजवळ. खाटेवरून ती दिसत नव्हती. मग आत येऊन म्हणाले, "आबा, हा माझा पेशंट. मला फिरती असते, घरी लक्ष द्यायला कोणी नाही. दिवसातून दोनदा बघून मला फोनवर सांगायचं, कल्ले कसे हलतात, पंख सैल आहेत का, जेवला का. घरातल्या दुसऱ्या कोणाचं सांगणं मी धरणार नाही."

"डॉक्टरसाहेब, मह्यानं उठवत नाही."

"मग तो उपाशी राहील," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू! आजारी म्हाताऱ्याशी असं वागतात? पण संध्याकाळी जाऊबाईचा फोन आला. आबांनी दिराला हाक मारली होती. बैठकीत नेऊन बसवा म्हणाले. दिरांनी उचलूनच नेलं. दुसऱ्या दिवशी धरून नेलं. मग वॉकर आला. पंधरवड्यानंतर आबा मधल्या खोलीतून बैठकीत स्वतः यायला लागले, दारात दम खात, शिव्या देत, पण यायला लागले. रोज फोन. "डॉक्टरसाहेब, आज दगडाच्या मांगे डोकं घालून निजेल हाये. कल्ले बराबर हायेत." थिएटरच्या बाहेर उभं राहून डॉक्टर तो रिपोर्ट पूर्ण ऐकायचे, सर्जन आत हातमोजे घालून ताटकळत असला तरी.

आबा मुळात शेतकरी. बघणं त्यांच्या रक्तात. माशाला कोणतं पान आवडतं, तो कुठल्या कुशीवर झोपतो, त्यांनी सगळं हेरलं. एकदा एका पाहुण्यानं गमतीनं पेटीत शेव टाकली. आबांनी त्याला अशा शेलक्या शिव्या घातल्या की तो जेवायला थांबला नाही. डॉक्टरांनी एकदा विचारलं, बदामाचं पान मिळालं नाही तर केळीचं वाळलेलं पान चालेल, आणू का मळ्यातून? आबा ताडकन म्हणाले, "मयातलं नको. फवारा मारेल अस्ते त्याच्यावर. मोरीजवळ एक खोड हाये, त्याले कधी फवारा लागला नाही, त्याचं घ्या." डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की बघा, माझा ज्युनियर.

मग मे महिना आला. जळगावचा मे. त्याचं वर्णन काय करायचं, इथल्या माणसानं तो भोगलाय आणि बाहेरच्याला पटत नाही. पारा पंचेचाळीसला टेकला आणि एका दुपारी जाऊबाईचा फोन आला. ती रडतच होती. "ताई, मासा तळाशी आडवा पडलाय. सकाळपासून वर नाही आला. आणि आबा वॉकर भिंतीला लावून खाटेवर जाऊन झोपले. जेवले नाहीत. म्हणतात, त्याची बी निजायची येळ आली, मही बी आली."

इतक्या महिन्यांची मेहनत एका बोटभर माशावर टांगलेली होती. मासा गेला असता तर आबा त्या खाटेवरून परत उठले नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं. डॉक्टर नुकतेच एक केस संपवून बाहेर आले होते आणि त्यांना पुढे बोदवडला जायचं होतं. मी सांगितलं. त्यांनी पंचा नळाखाली धरला, पिळला, डोक्याला गुंडाळला. "बसा मागे."

असोद्याला बैठकीत आख्खी गल्ली जमली होती. कोणी म्हणे पाणी बदला, कोणी म्हणे काच वाजवून बघा, एकानं बोट उगारलंही होतं. डॉक्टर दारातूनच गरजले, "हाई काय शे? बठ्ठा जन बाहेर निंघा!" खोली रिकामी झाली. मग ते पेटीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि बघत राहिले. एका नव्या पेशंटला बघावं तसे. मीही बघत होते. मासा कुशीवर, तळाशी. पंख अंगाला चिकटलेले. रंग विटका, विटेसारखा. कल्ले हलत होते, पण मधूनच, आठवण झाल्यासारखे.

"आबा," डॉक्टरांनी तिथूनच आवाज दिला. "काल जेवला?"

मधल्या खोलीतून, भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचा आवाज आला, "काल नाही. परवा जरासं."

"पोट फुगलंय का?"

"नाही. खवले बी बसेल हायेत."

"धापा टाकत होता?"

"नाही. नुसता मंद झाला. दुपारी जास्त. लाइट गेली का जरा हालते, लाइट आली का पुन्हा पडते."

डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. "अरे बापा! सिस्टर, हात घाला."

पाणी गार होतं. मे महिन्यात, असोद्यात, माठातल्यासारखं गार. मी मान वळवून बघितलं तर कोपऱ्यात कूलर घरघरत होता. नवं गवत भरलेला, पाण्यानं गच्च, आणि त्याचं तोंड थेट पेटीवर. वरचं झाकणही काढून ठेवलेलं.

आमच्याकडची रीत आहे. उन्हाळ्यात घरी पाहुणा आला की त्याला कूलरसमोर बसवायचं. घरची माणसं बाजूला घाम पुसत बसतील, पण समोरची जागा पाहुण्याची. नवा जावई असो की तलाठी, मान तिथंच कळतो.

"कूलर इकडे कोणी फिरवला?" डॉक्टरांनी विचारलं.

जाऊबाई खाली बघायला लागली. आतून आबा म्हणाले, "म्या फिरवाले सांगलं. घरात पाहुना तोच हाये. एवढ्या तापात त्याले कसं ठेवू?"

मी आत गेले. मधल्या खोलीची भट्टी झाली होती. घरात कूलर एकच. आबांचा सदरा पाठीला चिकटून काळा पडला होता. स्वतः भाजत पडले होते आणि कूलर माशाला दिला होता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की काय सांगू. हा माझा सासरा.

डॉक्टर आत येऊन खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "आबा, तो मेलेला नाही आणि झोपलेलाही नाही. गारठलाय. ऑपरेशननंतर एसीत तुम्ही कसे कुडकुडला होता, आठवतं? तसं. त्याला कोमट पाणी लागतं. वरची हवा घेतो ना, तीही दमट लागते, म्हणून झाकण. कूलरच्या वाऱ्यानं पाणी गार होतं, लाइट गेली की तापतं, परत गार. या वरखाली होण्यानं तो बसलाय."

आबा सावकाश वळले. तोंड बघवत नव्हतं. "म्हंजे म्याच मारत व्हतो त्याले?"

मला वाटलं, आता डॉक्टर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. ते तसले नव्हते.

"हो, आणखी थोडे दिवस चाललं असतं तर मेला असता," ते म्हणाले. "पण लाइट गेल्यावर हलतो, हे तुम्ही बघितलं म्हणून मला कळलं. गल्लीतल्या एकालाही ते दिसलं नाही. कल्ले हलतायत, आबा. हलतायत तोवर तो आपला. आता कूलर तुमच्याकडे वळवायचा, झाकण लावायचं, पेटीला टॉवेल गुंडाळायचा. गरम पाणी ओतायचं नाही, जळगावात पाणी आपलं आपण तापतं. आज खायला द्यायचं नाही. आणि कोणीतरी समोर बसून बघायचं. मला बोदवडला जायचंय."

"जाऊबाई बसेल," मी म्हटलं.

"जाऊबाईचं मी धरत नाही," डॉक्टर म्हणाले आणि हेल्मेट घालून निघाले.

आबांनी कुशीवर वळून खाटेची कड धरली. मी मदतीला पुढे झाले तर हात झटकला. "वॉकर दे." उठले. दारात थांबून दम खाल्ला, रोजच्या शिव्या दिल्या, आणि जाऊन पेटीसमोर बसले. मी केस टाकून तिथंच थांबले. दुपार हळूहळू कलली. आबांनी पाणी मागितलं नाही, पाठ टेकली नाही. मी बोलायला गेले की "शू." उन्हं खिडकीतून उतरली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मासा तळावरून उचलला गेला होता. वाकडातिकडा, अडखळत वर आला, तोंड बाहेर काढलं आणि हवेचा घोट घेतला.

आबांनी स्वतः फोन लावला. बोदवडच्या दवाखान्यात तो स्पीकरवर उचलला गेला असणार, कारण मागे यंत्राची टकटक ऐकू येत होती. "डॉक्टरसाहेब! आला वर! बुडुक केलं त्यानं!" आबा ओरडले. पलीकडे कोणी तरी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांचा आवाज आला, "छान. पंख?"

"एक सैल झाला. दुसरा होते हळूहळू."

"बसून रहा," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर असोद्यात आबांचा काय रुबाब! फायटर पाळायचं खूळ गावात पसरलं आणि ज्याचा मासा आडवा दिसला तो बरणी घेऊन आबांच्या दारात. आबा वॉकर सोडून काठीवर आले होते. बरणी उन्हातून सावलीत ठेवायला लावायचे, सगळ्यांना गप्प करायचे आणि बघायचे. "निजेल हाये. घरी ने, काच वाजवू नको." किंवा, "हा आजारी हाये. एवढ्याशा बरनीत कोंबला तं काय होईन? मोठी पेटी घे." भुसावळहून एक जण आला होता माशासकट. मी माहेरी, सासरी, दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले. सांगू नको तर काय करू? ज्या माणसाला पाठीच्या जखमा होऊन जाताना मी डोळ्यांनी बघत होते, तो आता केळीच्या मळ्यापर्यंत चालत जात होता.

मासा म्हातारा झाला. या जातीला आयुष्यच थोडं. लाल रंग गुलाबी झाला, पिसारा विरला. वर यायला त्याला कष्ट पडतात हे बघून आबांनी पेटीतलं पाणी कमी केलं, पान हवेच्या जवळ आणलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, त्यांना त्यांचंच सुचलं.

थंडीतल्या एका सकाळी आबांनी डॉक्टरांना फोन केला. मला नाही, डॉक्टरांना. ते दवाखान्यात येऊन एवढंच म्हणाले, "असोद्याला चला." स्कूटरवर मागे बसून मी सगळा रस्ता मनात जुळवत होते, आबांना काय सांगायचं, खाटेवर गेले असतील तर कसं उठवायचं.

आबा खुर्चीवर बसले होते, पेटीशेजारी. डॉक्टर उंबऱ्यातच थांबले.

"आबा, काय?"

"काल दिसभर पानावर व्हता," आबा म्हणाले. "खाल्लं नाही. कल्ले हळू झाले, पन तरास नव्हता. सकायी थांबले. दिवा लावला, लय वाट पाह्यली. ही झोप नाही हाये, डॉक्टरसाहेब."

हा डॉक्टर माणूस सर्जनच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे, यंत्राच्या आकड्यावर नाही, माझ्यावर तर नाहीच. प्रत्येक वेळी स्वतःची बोटं लावून बघायचा. ते आत आले, पेटीकडे वाकलेसुद्धा नाहीत. आबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ठीक आहे, आबा."

मलाच हुंदका आला. आबा म्हणाले, "तू कायले रडू राह्यली? चांगला जगला तो."

मोरीजवळच्या केळीखाली डॉक्टरांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून खुरप्यानं खड्डा केला. आबा काठीवर उभे राहून, अजून खोल, अजून खोल, म्हणत होते. हात धुऊन आम्ही घरात आलो. जाऊबाईनं चहा ठेवला. थंडीसाठी वर पिवळा बल्ब टांगलेल्या पेटीत आबांनी हात बुडवून बघितला आणि तो सदऱ्याला पुसला.

"पानी कोमट हाये," ते म्हणाले. "पेटी रिकामी ठेवू नये. डॉक्टरसाहेब, तुमी कुठून आनता मासे?"

"जळगावात एक दुकान आहे."

"चला मंग. मी बी येतो. तुमी आनसान ते आनसान, म्या पारखून घेतो."

आणि आबा निघाले. डोक्यावर टोपी, हातात काठी, तरातरा अंगणात. डॉक्टरांनी स्कूटर सुरू केली आणि आबा एका हातानं त्यांचा खांदा धरून मागे चढून बसले. मी धावत फाटकात गेले. "अहो, त्यांच्या खुब्यात रॉड आहे!"

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "मी तिथंच होतो."

"आणि मी कशी येऊ?"

"तू बसनं ये, पोरी," आबा मागे वळून म्हणाले. "इथी जागा नाही हाये."

स्कूटर गल्लीतून वळली. शेजारणी ओट्यावर येऊन विचारायला लागल्या, आबा कुठे निघाले, कोणाबरोबर निघाले. मी त्यांना सांगितलं, आमचे आबा आणि आमचे डॉक्टर कामाला गेलेत. मग पर्स घेऊन असोद्याच्या स्टॉपवर जाऊन बसची वाट बघत ताठ मानेनं उभी राहिले.